गृहचिंतन : अशांत दिवसांची पूर्वतयारी

गेल्या अंकीं आम्हीं पावसाळ्यापूर्वींच्या घरदुरुस्तीविषयीं चार शब्द लिहिले होते. तो लेख वाचून एका भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, "आमचें घर अकरा माणसांचें. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलें शाळेंत, मंडळी कामावर. अशांत शहरांत एकाएकीं दंगल उसळली आणि संचारबंदी पुकारली गेली, तर आम्हीं काय करावें?" प्रश्न अप्रिय आहे, परंतु अस्थानीं नाहीं. पाऊस कोसळूं लागल्यावर कौलें चाळतां येत नाहींत. त्याचप्रमाणें अशांततेची तयारीहि शांत दिवसांतच करावी लागते.

सुशिक्षित घरांतून असा समज आढळतो कीं, आपण कोणाच्या अध्यांत नाहीं, मध्यांत नाहीं. आपल्या दारीं हें संकट कशाला येईल? या समजाला इतिहासाचा आधार नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्याच कारणावरून पुढील कांहीं दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे.

आमच्या आजोबांचें खेड्यांतील घरहि त्यांत गेलें. आमचे वडील तेव्हां नऊ वर्षांचे होते. शेजारच्या शेतकरी घरांतील एका माउलीनें आजीला व चार मुलांना आपल्या गोठ्यांत, वैरणीच्या आड, दोन रात्री ठेवून घेतलें आणि विचारावयास आलेल्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठविलें. घर जळालें, माणसें वांचलीं. घराचें खरेदीखत ट्रंकेंत होतें, तेंहि जळालें; आपलें घर आपलेंच होतें हें सिद्ध करण्यासाठीं आजोबांनीं पुढें कचेरींत किती खेटे घातले, याची गणती नाहीं. ही हकीगत सांगतांना वडील जाळणाऱ्यांचीं नांवें कधीं घेत नसत. त्या माउलीचें नांव मात्र न चुकतां घेत. आम्हांस ही रीत योग्य वाटते. अशा आठवणी सावधपणासाठीं जपाव्या, वैरासाठीं जपूं नयेत.

आतां प्रत्यक्ष तयारीकडे वळूं. प्रथम पाणी. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज निदान चार लिटर धरावें. म्हणजे अकरा माणसांस तीन दिवसांसाठीं सुमारें १३० लिटर लागेल. तेवढीं झांकणाचीं पिंपें घरांत असावीं व त्यांतील पाणी वरचेवर बदलावें. धान्य आपल्या घरीं असतेंच, परंतु दळण नसतें. गिरणी बंद झाली म्हणजे डब्यांत गहूं असून ताटांत पोळी नाहीं. यास्तव आठ दिवसांचें पीठ, त्याशिवाय पोहे, शेंगदाणे, गूळ व दुधाची भुकटी हाताशीं असावी. दुसरा गॅस सिलिंडर नेहमीं भरलेला ठेवावा.

नित्याचीं औषधें पंधरा दिवस पुरतील इतकीं असावीं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल त्याच डब्यांत असावी. मधुमेही माणूस घरीं असेल व वीज गेली, तर इन्शुलिनची कुपी कोरड्या पिशवींत घालून, ओलें फडकें गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवावी. बर्फावर ठेवूं नये. एकदां गोठलेलें इन्शुलिन निरुपयोगी होतें.

दंगलीच्या वेळीं सरकार पुष्कळदां मोबाइलचें इंटरनेट बंद करतें. मग फोनवरून पैसे देण्याची सोय राहत नाहीं. म्हणून दहा, वीस, पन्नासाच्या कांहीं नोटा बाजूला काढून ठेवाव्या. महत्त्वाचे क्रमांक केवळ फोनांत नसावेत. पोलिसांचा ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि चार नातलगांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावे. खरेदीखत, शिधापत्रिका, आधारपत्रें, निवृत्तिवेतनाचे कागद, मुलांचीं प्रमाणपत्रें हीं एका जाड पिशवींत, एका हातानें उचलतां येतील अशीं ठेवावीं. त्यांच्या नकला परगांवच्या विश्वासू नातलगाकडे असाव्या. सरकारी डिजिलॉकरांतहि ठेवतां येतात. आजोबांच्या ट्रंकेची गोष्ट आमच्या घरीं पुन्हा घडूं नये, म्हणून आम्हीं दोन्ही केलें आहे.

ही काळजी कांहीं नव्या युगाची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, नगररक्षणाचा अध्याय आहे. प्रत्येक गृहस्थानें पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, पखाल हीं साधनें आगीसाठीं घरीं ठेवावीं, अशी त्यांत आज्ञा आहे. न ठेवणारास दंड आहे. आग लागलेली असून जो घरधनी धांवून जाणार नाहीं त्यास १२ पण, भाडेकरूस ६ पण दंड सांगितला आहे. त्याच अध्यायांत रात्रींच्या संचारास बंदी आहे. परंतु सुइणीसाठीं, वैद्यासाठीं, प्रेतासाठीं किंवा आगीसाठीं बाहेर पडलेल्या माणसास धरूं नये, असाहि अपवाद आहे.

आजच्या कायद्यांतील दोन शब्दांचा पुष्कळ घरांत घोटाळा होतो. जमावबंदींत पांच वा अधिक माणसांनीं एकत्र जमण्यास मनाई असते. संचारबंदींत घराबाहेर पडण्यासच मनाई असते. पूर्वीं हे हुकूम १४४ व्या कलमाखालीं निघत; १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखालीं निघतात. हुकूम निघाला कीं घरांतील एकानें तो नीट वाचून सवलतीचे तास सर्वांस सांगावे. रुग्णास वा बाळंतिणीस न्यावयाचें असेल, तर आधीं पोलिसांस कळवावें व मगच निघावें.

प्रत्यक्ष प्रसंगीं घरांत एकाचाच शब्द चालावा, आणि तो कोणाचा हें आधींच ठरलेलें असावें. बाहेर असलेल्यांनीं वाटेंत दंगल असतां घर गाठण्याचा हट्ट धरूं नये. प्रत्येकानें कोठें थांबावयाचें तें ठिकाण आधींच नेमावें. मुलांनीं ठरलेलें माणूस नेण्यास येईपर्यंत शाळा सोडूं नये. गच्चींत, सज्जांत वा खिडकींत उभें राहून कोणीं गंमत पाहूं नये. दगडाला व गोळीला प्रेक्षक ओळखतां येत नाहीं. अश्रुधूर घरांत शिरला तर डोळे चोळूं नयेत, स्वच्छ पाण्यानें धुवावे. जवळपास आग लागली तर प्रथम गॅस बंद करावा. घर सोडण्याची वेळ आली तर माणसें व ती कागदांची पिशवी एवढेंच बरोबर घ्यावें, दागिन्यांसाठीं मागें फिरूं नये. अंथरुणावरील सासूबाईंस चौघांनीं जाड चादरीचीं चार टोकें धरून जिना उतरवितां येतें. परंतु त्याचा सराव एखाद्या निवांत रविवारीं, घरांतल्याच एखाद्या धडधाकट माणसास चादरींत घालून, एकदां करून पाहावा. तरुणांनीं काठ्या घेऊन दारांत जमूं नये. रक्षणासाठीं म्हणून जमलेले पांच जण पाहतां पाहतां जमाव बनतात.

येथवर सांगितलें तें सामानाविषयीं व शिस्तीविषयीं. आतां जें सांगावयाचें, तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, तथापि सांगितलेंच पाहिजे.

जानेवारी १९९३ मध्यें आम्ही मुंबईंत एका चाळींत राहत होतों व शाळेंत शिकवीत होतों. दंगल चालू होती, संचारबंदी होती. एका रात्रीं ओळखीचा एक मुलगा धापा टाकीत आला आणि म्हणाला, पाण्याच्या टाकींत विष घातलें आहे. आम्हीं त्यास कांहींच विचारलें नाहीं. संस्कृतचे मास्तर म्हणून चाळींत आमच्या शब्दाला मान होता. आम्हीं जिन्यांत उभें राहून सर्वांस सांगितलें, आणि वीसपंचवीस बिऱ्हाडांनीं पिंपें, हंडे, कळशा मोरींत ओतून दिल्या. तळमजल्यावर गिरणींत काम केलेले एक गृहस्थ राहत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "गुरुजी, कोणी पाहिलंय?" आम्हांस त्यांचा राग आला.

विष नव्हतेंच. मात्र दुसरे दिवशीं नळाला पाणी आलें नाहीं, आणि बाहेर पडण्याची सोय नव्हती. आमच्या शेजारच्या खोलींत सहा महिन्यांचें मूल तापानें फणफणत होतें. त्याच्या कपाळावर ठेवावयास घडी भिजवावी तर घरांत थेंब नाहीं. त्या मुलासाठीं पाणी मागावयास आम्ही तळमजल्यावर गेलों. त्या गृहस्थांनीं आपलें पाणी ओतलें नव्हतें. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं भरलेली कळशी आमच्या हातीं दिली. मूल बरें झालें. परंतु त्या कळशीचें वजन आम्हांस अजून जाणवतें.

श्रीकृष्ण आयोगानें डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबईंतील दंगलींत ९०० मृत्यूंची नोंद केली आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदु, ४५ अज्ञात व ५ इतर. १९४८ मध्यें ज्या दारीं संकट आलें, त्याच दारीं तें दर वेळीं येतें असें नाहीं. तें आज एकाच्या तर उद्यां दुसऱ्याच्या दारीं जातें. आणि अफवा पसरविणारे सारेच गुंड असतात, असेंहि नाहीं. त्यांत आमच्यासारखे सभ्य व काळजी वाहणारे लोकहि असतात. त्यांच्या सभ्यपणामुळेंच अफवा खरी वाटते. आतां तर जिन्यांत उभें राहण्याचीहि गरज नाहीं. एका बोटानें ती शंभर घरांत पोंचते. म्हणून आमच्या घरीं नियम केला आहे: कोणतीहि भयंकर वार्ता आली कीं, "कोणी पाहिलें, केव्हां व कोठें?" असें विचारावयाचें, उत्तर मिळालें नाहीं तर ती वार्ता आमच्या उंबऱ्यापुढें जाणार नाहीं. नातवंडें हा नियम आमच्यावरहि लागू करतात, व आम्हांस तो मुकाट्यानें पाळावा लागतो.

प्रश्न विचारणाऱ्या भगिनींस शेवटचें एकच सांगणें. सामानाची यादी आठ दिवसांत पुरी होईल; शेजार मात्र आठ दिवसांत मिळत नाहीं. आपल्या जिन्यांतील आणि समोरच्या गल्लींतील किती घरांतील माणसांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, हें एकदां मोजून पाहावें. विशेषतः जीं घरें आपल्या जातीचीं वा धर्माचीं नाहींत, त्यांची गणती करावी. संख्या अल्प निघाली तर पिंपें विकत घेण्यापूर्वीं तेथें जाऊन यावें.

त्या माउलीचें आमच्या आजीशीं नातें काय होतें, असें आम्हीं लहानपणीं वडिलांस विचारलें होतें. वडील म्हणाले, "ताकाचं." रोज सकाळीं कुंपणावरून इकडून ताकाचा लोटा जाई व तिकडून भाजीची जुडी येई. कित्येक वर्षें, एवढेंच.