चार पाने आणि डी ड्राइव्ह

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद झाला आणि आमच्या वाड्यावरचे दोन-तीन जुने संगणक एकदम निवृत्त झाल्यासारखे झाले. विंडोज 11 त्यांच्यावर चढत नव्हते आणि फेकून द्यावेत इतके ते खराबही नव्हते. माझ्या घरी उबुंटू 24.04 चालू होते, म्हणून मंडळी म्हणाली, आम्हालाही लिहून दे. कारकुनाला लिहून द्यायला काय! (बदलीवर चार्ज घेताना आधीच्या माणसाने काय लिहायचे टाळले आहे ते कळायला वर्ष जाते, ती गोष्ट वेगळी.) चार पाने लिहिली, झेरॉक्स काढून वाटली.

त्यातल्या एका ओळीने घात केला. ‘इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू’ हा पर्याय निवडा, असे मी लिहिले होते. माझ्या डिस्कवर ठेवण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे मला त्यात वावगे दिसले नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी पाने हातात धरून ओळीने सगळे केले. त्यांच्याकडे जत्रेच्या तीन नाटकांच्या संहिता होत्या, दोन बोटांनी टाईप केलेल्या, आणि त्या त्यांनी मुद्दाम डी ड्राइव्हमध्ये ठेवल्या होत्या. दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट’ मारतो तेव्हा सी जातो, डी राहतो, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव. पण सी आणि डी हे त्यांच्या संगणकात एकाच डिस्कचे दोन भाग होते, आणि इथे पुसली जाते ती अख्खी डिस्क. तिन्ही नाटके गेली.

इंग्रजी मास्तरांना माझ्यापेक्षा चांगले येते. ‘इरेझ’चा अर्थ त्यांना कळला होता. ते फसले ‘डिस्क’ या शब्दाशी. “तुझो दोष ना रे,” म्हणाले, आणि ते मला जास्त लागले.

बॅकअप घेणे हे वापरणाऱ्याचे काम, असे एका जाणकार मित्राने मला ऐकवले. बॅकअपची ओळ माझ्या पानांत होतीच. चौथ्या पानावर, ‘इतर सूचना’खाली! परिपत्रकात महत्त्वाचे कलम असते तिथे.

नवशिक्या म्हणजे कोरी पाटी, हा समजच मला चुकीचा वाटतो. त्या पाटीवर वीस वर्षांचे विंडोज लिहिलेले असते. आपण ‘सुपर की दाबा’ लिहितो. त्याच्या कीबोर्डवर सुपर नावाचे बटण नसते, विंडोजची खिडकी छापलेले असते. टर्मिनलमध्ये तो कॉपी करायला कंट्रोल-सी दाबतो आणि चाललेले कामच थांबते. 24.04 मध्ये सुडोचा पासवर्ड टाईप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, आणि त्याला वाटते कीबोर्ड बिघडला. हे तज्ज्ञाला सुचत नाही, कारण तो ते केव्हाच विसरला. महिन्यापूर्वी अडखळलेल्या माणसाने लिहावे, आणि दुसऱ्याला करायला लावून शेजारी तोंड मिटून बसावे. मी तोंड मिटून बसलोच नव्हतो, पाने वाटून मोकळा झालो होतो.

मराठीत लिहायचे म्हणून ‘संचिका’ आणि ‘निर्देशिका’ लिहिणाऱ्यांशी माझे जमत नाही. फाईल आमच्या कचेरीत रोज हरवते, तो शब्द सगळ्यांना येतो. शब्दांवर घालायचा वेळ ‘यात तुमचे काय जाईल’ हे सांगण्यात घालावा. मुक्त प्रणालीला मुक्त पुस्तिकांचीच मोठी उणीव आहे, असे रिचर्ड स्टॉलमन यांनी मांडले होते. 2000 साली अशा पुस्तिकांसाठी ग्नूने वेगळा परवानाही काढला. पुस्तिका दुरुस्त करायची मोकळीक त्यात आहे, पण ती दुरुस्ती कोणी तरी बसून करावी लागते.

मी पाने पुन्हा लिहिली. पहिल्याच ओळीत, ठळक: सी, डी, सगळे जाईल, आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. त्याखाली ‘ट्राय उबुंटू’, म्हणजे डिस्कला हात न लावता आधी चालवून बघणे. ते मी पहिल्या वेळी लिहिलेच नव्हते.

मास्तर आता पहिले नाटक त्याच संगणकावर पुन्हा टाईप करतायत. मधे एकदा त्यांनी विचारले, “हांगा डी खंय आसा?” इथे अक्षरे नसतात, म्हटले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर होममध्ये त्यांनी एक फोल्डर केले होते. नाव, डी. रोज संध्याकाळी ते पेन ड्राइव्हवरही उतरवतात.