वस्तऱ्याचं वझं

बुलढाण्यात कुठल्याही सलूनमध्ये दाढीला बसा. कारागीर तुमच्यासमोर ब्लेडचा कागद काढतो, पातं मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. दाढी झाली की ते फेकून देतो. धार लावणं हा प्रकारच दुकानात उरलेला नाही. त्यामुळे जुना, अखंड पोलादाचा वस्तरा परजायला शिकायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा चिखली तालुक्यातल्या एका खेड्यात जावं लागलं. तिथल्या एका न्हावी आजोबांनी धोपटी कधीच खुंटीला टांगली आहे, पण वस्तरे जपून ठेवलेत.

मी ऑनलाइन मागवलेले दोन दगड घेऊन गेलो. १००० क्रमांकाच्या दगडावर कड घडवायची, ८०००च्या दगडावर ती गुळगुळीत करायची. आजोबांनी दोन्हींवर अंगठा फिरवला, किंमत विचारली आणि ऐकून गप्प झाले. मग आपली काळसर पथरी काढून तिच्यावर पाणी शिंपडलं.

वस्तऱ्याची घडण मोठी हुशार. पाठ जाड, पोट खोलगट, कड पातळ. पाठ आणि कड दोन्ही दगडाला टेकवली की धारेचा कोन आपोआप साधतो. विळ्याला ही सोय नाही, तिथे कोन मनगटानं सांभाळावा लागतो. पण विळ्याची सवय असलेला हात वस्तराही दाबून घासतो, आणि दाबलं की ते पातळ पोलाद लवतं, धार सगळीकडे सारखी बसत नाही. आजोबा एवढंच म्हणाले, "काहून दाबतो बापा? वस्तऱ्याचं वझं हाये तेवढंच पुरे."

दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणूनच धरायचा, सैल सुटला की धार गोल होते. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटवायचा. धारेवरून उलटवला तर पट्टाच चिरतो. आजोबांची ही उलटापालट नुसत्या बोटांत होते, मनगट हलत नाही. शेवटचे काही हात ते स्वतःच्या तळहातावर फिरवतात, तेव्हा आपल्याच पोटात गोळा येतो. परीक्षा अंगठ्याच्या ओल्या नखावर. धार अलगद ओढायची. खटकली तर तिथे दात पडलाय, नुसती घसरली तर ती बोथट आहे.

एवढ्याशा केसानं पोलाद बोथट होतंच कसं? केस तर ब्लेडच्या पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं आणि २०२० साली 'सायन्स'मध्ये मांडलं. केस वाकून तिरपा आला आणि नेमकं तिथे पोलाद आतून एकसारखं नसलं, तर धारेचा बारीकसा कपचा उडतो. आजोबांना हे सांगितलं. "म्हणून तं दाढी आंधी भिजवा लागते," म्हणाले.

अशा ओसरीवर बसलं की जुन्या काळाबद्दल गहिवरून येतं. तो गहिवर फार टिकू नये. वर्षभर गावाच्या दाढ्या करायच्या, लग्नात मशाल धरायची, आणि सुगीत खळ्यावर ज्वारी मिळायची ती देणाऱ्याच्या मर्जीनं. वस्तरा कुणाला लावायचा हेही गावच ठरवी. दलितांना तो लागत नसे, विधवांच्या डोक्यावर मात्र चालवावा लागे. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनीच या केशवपनाला नकार दिला. माझ्या लेखी वस्तऱ्याच्या इतिहासातली सगळ्यात धारदार गोष्ट ही. पुढे १९८६ साली मद्रासमध्ये एचआयव्हीचे देशातले पहिले रुग्ण आढळले. नव्वदीत गिऱ्हाईकच नवीन ब्लेड मागू लागलं, आणि ते बरोबरच होतं. एकाच वस्तऱ्यानं गावभर दाढ्या करण्यात धोका आधीही होताच.

आजोबांच्या नातवाचं तालुक्याला दुकान आहे, वरखाली होणाऱ्या खुर्च्यांचं. माझा उद्योग पाहून तो म्हणाला, "काका, अर्धा घंटा धार लावत बसलो तं गिऱ्हाईक थांबते काय?" मी आधारासाठी आजोबांकडे पाहिलं. ते पट्टा गुंडाळत होते.

"बरोबर हाये त्याचं," म्हणाले. "तुम्हाले हौस हाये, तुम्ही शिका."