म्हाताऱ्या कुत्र्याला मारू नका, पाणी मोजा!

बारामती-इंदापूर भागातील उसाच्या मळ्यांत कुत्र्याशिवाय वस्ती क्वचितच दिसेल. दहा-बारा वर्षे रात्रभर राखण केलेला हा कुत्रा एके दिवशी पडवीतच लघवी करतो. "म्हातारा झाला आणि माजला!" असे म्हणून कोणी त्याचे नाक तिथे घासतो, कोणी काठी उगारतो, तर कोणी "पितो म्हणून करतो" असे म्हणत त्याचे पाणीच उचलून ठेवतो. माझ्या मते हे निर्दयपणाचे आहेच; शिवाय अशास्त्रीयही आहे.

जन्मभराची सवय एकाएकी मोडते, तेव्हा शरीरात बहुधा काहीतरी बिघडलेले असते. मूत्रपिंडे थकली, की लघवी दाट करण्याची त्यांची शक्ती घटते. पातळ लघवी भरपूर होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी कुत्रा जास्त पाणी पितो. मधुमेहातही असेच घडते. अशा वेळी पाणी तोडले, तर लघवी थांबत नाही. शरीर मात्र सुकत जाते.

कारणे निरनिराळी, तशा खुणाही निरनिराळ्या. झोपेतच गोणपाट ओले होत असेल, तर मूत्राशयाचे तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडला असावा. नसबंदी केलेल्या मादीत हे विशेष आढळते. कुंथत, थेंब थेंब लघवी होत असेल, तर जंतुसंसर्ग किंवा मूतखडा असू शकतो. पायरीशी येऊन अडत असेल, तर सांधे दुखत असतील. बाहेर फिरून येऊनही घरात घाण करत असेल, कोपऱ्यात गोंधळून उभा राहत असेल, तर मेंदू थकला असावा. माणसाच्या अल्झायमर विकारात मेंदूत साठणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही आढळते.

या खुणा टिपायला प्रयोगशाळा नको, वही हवी. सकाळी मापाने पाणी ठेवा. कोंबड्या-शेळ्या त्यात तोंड घालणार नाहीत असे पाहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजा. असे चार-पाच दिवस करा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याने दीड लिटरहून अधिक पाणी पिणे, हे सहसा आजाराचे लक्षण मानतात. कडक उन्हाळ्यात थोडे जास्त पाणी लागते, हेही ध्यानात ठेवा. मग ती वही आणि स्वच्छ बाटलीत सकाळची ताजी लघवी घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला विषारी ठरते.

तोवर त्याला झोपण्यापूर्वी व पहाटे बाहेर न्या. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरा, म्हणजे त्याचे पाय घसरणार नाहीत.

सगळे आजार बरे होतील असे नाही. पण जंतुसंसर्गावर इलाज आहे, सांधेदुखीला उतार आहे. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण वर्गात शिकतो. शिक्षकांनी ही वही विज्ञानाचा प्रकल्प म्हणून जरूर स्वीकारावी. काठी उचलण्यापूर्वी कारण शोधणे, हाच विज्ञानाचा पहिला धडा नव्हे काय?