नाटकघराची नक्षी आणि जुलै महिन्याचा कागद

स्पष्टच लिहितो. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "एवढी नक्षी कशाला? त्या पैशात चार साधे हॉल झाले असते." आपण कशेळीकर गोदामांच्या गराड्यात राहतो. पत्रा टाकला की इमारत झाली, ही सवयच लागलीय.

मग ती नक्षी काय करते ते ऐका. 1911 ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, काम 1912 ला पुरं. बरोक थाट, बॉक्स, सोनेरी कलाकुसर, घुमट, ससून घराण्याने दिलेली झुंबरं. पण छत असं घडवलं की वरच्या गॅलरीतल्या स्वस्त तिकिटवाल्यालाही रंगमंचावरचा शब्द ऐकू जावा. याला उधळपट्टी म्हणायचं?

पुढे सिनेमा आला, बॉक्स काढून टाकले, 1993 ला कुलूप लागलं. आभा नारायण लांबा यांनी जुने फोटो धुंडाळून बॉक्स परत उभे केले आणि ऑक्टोबर 2016 ला पडदा वर गेला. मालक गोंडलचं राजघराणं होतं, म्हणून 23 वर्षं वास्तू टिकली तरी. आपल्या नाटकघरांचे मालक कोण? आपणच, म्हणजे महापालिका. आणि सगळ्यांचं ते कुणाचंच नाही!

कोल्हापूर आठवा. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलाकार रस्त्यावर उभे राहून रडले. मग नेत्यांच्या भेटी, घोषणा, "होतं तसं बांधू". बांधालच हो, पण जळायच्या आधी कोण बघणार?

कायदा आहे. महाराष्ट्राचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा सांगतो की आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. आपण किती नाट्यगृहांत हा कागद पाहिलाय? नव्या ग्रॅनाइटवर उद्घाटनाची पाटी मात्र ठळक असते, सगळ्या नावांसकट.

नाटक बघायचं तर आपण खाडीपूल ओलांडून ठाण्याला गडकरी रंगायतन गाठतो. तिकिटाचे पैसे देतो, पोरंबाळं सोबत असतात. म्हणून मागणी एकच. ठाणे असो, भिवंडी असो की कल्याण, प्रत्येक नाट्यगृहाने जानेवारी-जुलैचं प्रमाणपत्र तिकीट खिडकीशेजारी लावावं. खर्च काय, एका झेरॉक्सचा.

पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा खिडकीवर विचारा, "कागद कुठाय?" आणि उत्तर काय मिळालं ते इथे लिहा. मी पाठपुरावा करतो.