आधी छप्पर, मग सोलर

गेल्या महिन्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा तो सध्या अध्यक्ष आहे.

"दादा, तू तिकडं शाळांच्या एसीचीच कामं करतोस न्हवं? मग आपल्या शाळंवर सोलर बसवून दे की. बिल थकलं की कनेक्शन तोडत्यात. आन् पर्यावरणपूरक शाळा म्हणून तालुक्यात नाव बी हुईल."

मी विचारलं, वर्गांवर छप्पर कसलं आहे? म्हणाला, पत्रा. मग उन्हाळ्यात पोरं कुठं बसतात? "मार्चपासून सकाळची शाळा असती. साडेधा वाजले की वर्गात बसवत न्हाई, मग मास्तर लिंबाखाली घेत्यात."

आता बघा, ज्या शाळेत साडेदहानंतर बसता येत नाही, तिच्या डोक्यावर सोलरचं तबक ठेवून ती पर्यावरणपूरक कशी होणार? पण भावाला हसण्यात अर्थ नाही. इथे अमेरिकेत, टाय लावून बसलेल्या स्कूल बोर्डाच्या सभेतही मी हेच ऐकत आलोय. हिरवी शाळा म्हटलं की यांना आधी पॅनेलं दिसतात. माझं मत नेमकं उलटं आहे. पॅनेल हे शाळेतलं सगळ्यात शेवटचं काम. आधीची कामं नीट झाली तर ते छोटं आणि स्वस्त होतं, नाहीतर नुसती शोभा.

हे मी शिकलो केंटकीत. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब मॅमथ केव्ह बघायला गेलो होतो. जगातली सगळ्यात लांब गुहा. (बायकोच्या मते सगळ्यात लांब रांगही तिथलीच.) बाहेर जुलैचा घामटा आणि आत बारा महिने साधारण १२ अंश सेल्सियस! मुलं कुडकुडत होती आणि मी खुशीत, कारण माझा आख्खा धंदा त्या एका आकड्यावर चालतो. जमिनीखाली थोडं खोल गेलं की तापमान वर्षभर जवळजवळ तेच राहतं. मग नळ्या खाली सोडून त्यांतून पाणी फिरवायचं. उन्हाळ्यात इमारतीची उष्णता जमिनीत टाकायची, हिवाळ्यात तीच वर ओढायची.

तिथून जवळच बोलिंग ग्रीन गावाशेजारी रिचर्ड्सव्हिल एलिमेंटरी स्कूल आहे. सरकारी शाळा, २०१० साली उघडलेली. वर्षभरात जितकी ऊर्जा वापरायची तितकी स्वतःच निर्माण करायची, हे उद्दिष्ट ठेवून बांधलेली अमेरिकेतली पहिली पूर्ण आकाराची सरकारी शाळा म्हणून तिचं नाव घेतात. आणि हे कुठे, तर केंटकीत, जिथे त्या काळी ९० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची होती! आम्ही गेलो तेव्हा सुट्टी होती, त्यामुळे बाहेरूनच चक्कर मारली. दुमजली, चौकोनी इमारत. छतावर पॅनेलं, पार्किंगच्या मांडवावर पॅनेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यात बघण्यासारखं काय आहे?"

बघण्यासारखं काही नाही, हेच तर बघण्यासारखं. जादू छतावर नाही, स्वयंपाकघरात आहे. इंजिनिअरांनी हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की शाळेचं किचन प्रचंड ऊर्जा खातं. तळणीची कढई आली की तिच्यावर मोठा धुराडा-पंखा आला. तो पंखा बाहेर फेकतो ती तापवलेली किंवा गार केलेली हवा, मग तेवढीच नवी हवा आत घेऊन परत तापवा. म्हणून तळणच बंद केलं आणि वाफेवर-हवेवर चालणारे ओव्हन आणले. पोरांच्या ताटातलं तेल कमी झालं आणि यंत्रणाही लहान झाली. पण यासाठी स्वयंपाकघरातल्या मंडळींना शाळेच्या नकाशाच्या बैठकीत बसवावं लागतं. तुम्हीच सांगा, आपल्याकडे किंवा इकडे, किती आर्किटेक्ट बसवतात?

मग कॉम्प्युटर लॅब रद्द केली आणि लॅपटॉप दिले. भिंतींत फोमच्या साच्यांत काँक्रीट ओतलं, म्हणजे भिंत आणि दुलई एकच. जमिनीवर मेण घासायला लागतील अशा फरश्याच नाहीत, काँक्रीटलाच पॉलिश. या सगळ्यातून वापर उतरला वर्षाला दर चौरस फुटामागे साधारण सव्वापाच युनिटांवर. इथली साधारण शाळा याच्या तिप्पट-चौपट खाते. शाळा आहे सुमारे ७२ हजार चौरस फूट, तिला साडेतीनशे किलोवॅटच्या आसपास सोलर पुरलं. काटकसर न करता गेले असते तर हजार किलोवॅटच्या पुढे लागलं असतं, आणि मग बोर्डाने कपाळाला हात लावून फाईल बंद केली असती.

आणखी एक. याच जिल्ह्याने आधी, २००७ साली, प्लेनो नावाची कमी खर्चाची शाळा बांधून बघितली, तिची मीटरं वाचली, आणि मग ही उडी मारली. एकदम नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या कामावर होतो. नाव सांगत नाही. बजेट वाढलं, तेव्हा "व्हॅल्यू इंजिनिअरिंग" नावाची बैठक बसली. मराठीत याला कात्री म्हणतात. पश्चिमेच्या खिडक्यांवरच्या झडपा कापल्या. छताचं इन्सुलेशन पातळ केलं. शिल्लक काय राहिलं? दर्शनी भागावरची पॅनेलं, सायकलींचा स्टँड आणि लॉबीतला चकचकीत टीव्ही, ज्यावर "आज आपण इतकी वीज बनवली" असं दिसायचं. किती वापरली ते नाही! सर्टिफिकेटचे गुण मात्र जमले. सायकलच्या स्टँडलाही गुण असतो, माहीत आहे ना? मी त्या बैठकीत एकदा बोललो, दुसऱ्यांदा गप्प बसलो. पश्चिमेच्या वर्गांत दुपारी पडदे ओढून दिवे लावतात असं नंतर कळलं. ते वर्ग माझ्या ड्रॉइंगमध्ये आहेत, खाली माझी सही आहे.

तुम्ही म्हणाल, श्रीमंत देशाचे चोचले. तसंही नाही. इथल्या शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता-करावर चालतात, म्हणजे महाग घरांच्या वस्तीत चांगली शाळा आणि गरिबांच्या वस्तीत गळकी. २०२० साली इथल्या सरकारी लेखा-कार्यालयाने अंदाज दिला, सुमारे ३६ हजार शाळांना हवा-उष्णतेची यंत्रणा बदलायची किंवा दुरुस्त करायची गरज आहे. त्यांना रिचर्ड्सव्हिल नको आहे. त्यांना चालणारा पंखा आणि न गळणारं छप्पर हवं आहे. नवी हिरवी शाळा बांधून फीत कापणं सोपं, जुनी सुधारणं कंटाळवाणं.

असो. गावाकडे येतो. केंटकीची यंत्रं गावात नेऊन काही उपयोग नाही. आमच्याकडची जमीन खालीसुद्धा गरमच, १२ अंशांची गुहा तिथे नाही. न्यायचा तर तो क्रम न्यायचा. आधी ऊन अडवायचं, मग वारा आणायचा, मग पंखे-दिवे कमी विजेचे, आणि मग जेवढी लागेल तेवढी पॅनेलं. गंजका पत्रा ऊन पितो आणि खाली पोरांवर ओकतो. त्यावर पांढरा लेप किंवा साधा चुना मारला, आतून काही आवरण लावलं, समोरासमोर खिडक्या उघडत्या केल्या, की फरक पडतो. हैदराबाद-वरंगळकडे तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. आजोबांच्या वेळची कौलारू शाळा, रुंद ओसरीची, हे सगळं करत होतीच. ती पाडून आम्ही पत्रा घातला.

हे मी भावाला तासभर समजावलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "दादा, तुझं पटतंय. पर चुन्याचा फोटू कसा काढायचा? देणगीदाराचं नाव कुठं लिवायचं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. या वर्षी दोन वर्ग घे म्हटलं. एकाला चुना मार, एक तसाच ठेव. दोन थर्मामीटर मी पाठवतो, पाचवीच्या पोरांना रोज अकरा वाजता फळ्यावर आकडे लिहू दे. सोलरचे पैसे माझ्याकडे आहेत, जात नाहीत कुठे.

"बघतो," म्हणाला. "मिटिंगमधी ठिवतो."