अग्निवीरवायू: लढाऊ विमानावर क्षेपणास्त्र चढवणाऱ्या हातांना चार वर्षांनंतर काम कुठे?

भारतीय वायुदलातल्या अग्निवीरवायूंच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ सांबरा इथल्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये सुरू झालं. म्हणजे २०२६ च्या अखेरीस या तुकडीची चार वर्षं भरतात. नियमानुसार त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतलं जाऊ शकतं. बाकीच्यांना बाहेर पडावं लागणार.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बारावी सायन्स किंवा इंजिनीअरिंग डिप्लोमा करून या भरतीचा विचार करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी प्रश्न एकच आहे: चार वर्षांनी हातात काय उरतं? विमानाची देखभाल शिकली की विमान कंपनीत नोकरी, असं गणित सहज मांडलं जातं. पण विमानावरच्या शस्त्रांचं काम वाट्याला आलं, तर ते गणित जुळत नाही.

हे काम नेमकं काय असतं?

वायुदलात हे काम करणाऱ्याला वेपन फिटर म्हणतात. बॉम्ब, रॉकेट, क्षेपणास्त्रं, विमानातली तोफ, शस्त्र धरून ठेवणारे पंखाखालचे पायलॉन आणि त्यांची वायरिंग हे सगळं तपासायचं, दुरुस्त करायचं. शस्त्र विमानावर चढवायचं आणि न वापरता परत आलं तर उतरवायचं.

शस्त्र जोडण्याआधी वायरमध्ये नको तिथे वीज येत नाही ना, हे मीटर लावून पाहावं लागतं. उड्डाणाआधी लाल पट्टीच्या सेफ्टी पिना काढाव्या लागतात. पिन राहून गेली तर शस्त्र सुटत नाही, चुकीच्या वेळी निघाली तर जमिनीवरच अपघात होऊ शकतो.

या कामाचा आवाका कळायला नाशिकचं उदाहरण पुरेसं आहे. सुमारे अडीच टन वजनाचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन सुखोई-३० विमानाने पहिलं उड्डाण केलं, ते जून २०१६ मध्ये ओझरच्या एचएएल तळावरून. त्यासाठी विमानाचा सांगाडा आणि वायरिंग बदलावी लागली. ते प्रत्यक्ष डागलं गेलं नोव्हेंबर २०१७ मध्ये.

वायुदलाने २०२२ मध्ये जाहीर केलेली वेपन सिस्टीम्स ब्रँच मात्र वेगळी. ती शस्त्रयंत्रणा चालवणाऱ्या अधिकाऱ्यांची शाखा आहे, देखभाल करणाऱ्यांची नाही.

पैसे किती मिळतात?

पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे सुरुवातीला हातात २१ हजार येतात. चार वर्षांत स्वतःचे ५.०२ लाख आणि सरकारचे तेवढेच, असे १०.०४ लाख रुपये आणि त्यावरचं व्याज करमुक्त मिळतं. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

विमान कंपनीत का जमत नाही?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या मुलांना विमान क्षेत्र आता जवळचं वाटतं. पण प्रवासी विमान दुरुस्त करून उड्डाणासाठी योग्य ठरवायला डीजीसीएचं लायसन्स लागतं. ते विमानाचा सांगाडा, इंजिन, इलेक्ट्रिकल आणि एव्हिऑनिक्स या विषयांचं असतं. शस्त्रांसाठी त्यात कप्पाच नाही, कारण प्रवासी विमानावर शस्त्रंच नसतात. ज्याने वायुदलात इंजिनवर काम केलं, त्याचा अनुभव इथे जास्त जवळचा ठरतो.

मग पर्याय कोणते?

संरक्षण मंत्रालयाने नागरी पदांमध्ये आणि एचएएलसह १६ संरक्षण कंपन्यांमध्ये अग्निवीरांना १० टक्के आरक्षण जाहीर केलं आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतही आरक्षण आहे. कल्याणच्या शेजारी अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, तर ओझरला एचएएल आणि वायुदलाचा ११ बेस रिपेअर डेपो. स्फोटकांची सुरक्षा, वायरिंग आणि काटेकोर तपासणी हे कौशल्य अशा ठिकाणी उपयोगी पडतं. पण आरक्षण म्हणजे नोकरीची हमी नव्हे. आधी जागा निघाव्या लागतात.

फॉर्म भरण्याआधी काय लक्षात ठेवायचं?

पहिलं, काम निवडणं उमेदवाराच्या हातात नाही. कोणतं काम द्यायचं, ते वायुदल ठरवतं.

दुसरं, सेवेत असताना पदवी घेता येते. इग्नूच्या खास अभ्यासक्रमात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणासाठी मिळतात.

तिसरं, सेवा संपताना कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यात फक्त शस्त्रांची नावं असतील, तर बाहेरच्या कारखान्याला त्यातून फारसं कळणार नाही. इलेक्ट्रिकल चाचणी, हायड्रॉलिक्स, स्फोटकांची साठवण अशी कामं स्वतंत्रपणे नोंदली गेली, तर तेच प्रमाणपत्र वजनदार ठरेल. पहिली तुकडी बाहेर पडताना पाहायचं आहे ते हेच. तिला कुठे, कोणत्या कामावर आणि किती पगारावर घेतलं जातं, यावरून पुढच्या मुलांना आपला निर्णय घेता येईल.