रिकामा कुकर

मैत्रिणींनो, ऑगस्ट २०२० आठवतोय? लॉकडाऊनमुळे अख्खं घर घरात आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ‘रसोडे में कौन था’! ‘साथ निभाना साथिया’ मालिका सुरू झाली २०१० साली. त्यातल्या कोकिलाबेन सुनेला झापतात तो प्रसंग आपल्या औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) यशराज मुखाटेनं उचलला, त्या बोलण्यालाच चाल आणि ठेका दिला, नि बघता बघता तो देशभर पोचला. लगोलग मालिकेच्या दुसऱ्या भागाची जाहिरातही झळकली.

पोराची कमालच. मीही पोट धरून हसले. पण मालिकेत हेच आपण किती गंभीरपणे बघितलं होतं! राशीनं कुकरमधले चणे काढून घेतले, रिकामा कुकर गॅसवर ठेवला. आणि त्यावरून सासूबाईंची केवढी उलटतपासणी! गोपी बिचारी बावरलेली. तेव्हा नाही बाई हसू आलं. उलट आपल्याही पोटात गोळा यायचा, कारण असा जाब आपणही कधीतरी दिलेला. ठेका मिळाला आणि तो दराराच पोकळ वाटायला लागला.

आमचे चिरंजीव तर दिवसभर तेच गुणगुणत स्वयंपाकघराच्या दारात उभे. शेवटी म्हटलं, “मीच होते रे, सकाळपासून! आता तू ये, कणीक भिजव.”